पान सापडत नाही

इंटरनेटवर वावरणाऱ्या प्रत्येकाला एक वाक्य पाठ झालेले असते : ‘४०४, पान सापडले नाही.’ कुणीतरी जुन्या लेखाचा दुवा पाठवतो, आपण उत्सुकतेने तो उघडतो आणि लेखाऐवजी हे वाक्य समोर येते. या आकड्याची एक कहाणीही सांगितली जाते. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत ४०४ क्रमांकाच्या खोलीत म्हणे पहिला सर्व्हर होता. ही निव्वळ दंतकथा आहे आणि तिथल्या जुन्या मंडळींनी ती खोडून काढलेली आहे. ४०४ हा एक तांत्रिक संकेत आहे. त्या संकेतांच्या यादीत चारपासून सुरू होणारे आकडे मागणाऱ्याची चूक दाखवतात, तर पाचपासून सुरू होणारे सर्व्हरची. म्हणजे पान ठेवणाऱ्याने काढून टाकले तरी नियमानुसार चूक ते मागणाऱ्या वाचकाचीच ठरते!

घरचा संगणक बंद पडणे, डिस्क जाणे, संस्थेची वेबसाइट एका सकाळी गायब होणे, जुन्या फाइलमधले मराठी वाचता न येणे, या तक्रारी घेऊन माझ्याकडे नेहमी कुणी ना कुणी येत असते. प्रत्येकाला वाटते, हे फक्त आपल्याच नशिबी आले. मी त्यांना सांगतो की हे दुखणे तुमच्या एकट्याचे नाही. त्याला चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास आहे. तो माहीत असेल तर उपाय लक्षात राहतात, नाहीतर नुसता सल्ला ऐकून माणूस विसरून जातो. म्हणून हा लेख.

मुळातच कच्चा धागा

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्नमध्ये वेबची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये ती जगासमोर आली. पण एका मजकुरातून दुसऱ्या मजकुराकडे जाण्याची कल्पना त्याआधीची आहे. टेड नेल्सन यांनी १९६५ मध्येच ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द वापरला होता. नेल्सन यांना हवे असलेले दुवे दुहेरी होते. मी तुमच्या लेखाचा दुवा दिला तर तुमच्याकडेही त्याची नोंद राहील आणि तुमचे पान हलले तरी धागा तुटणार नाही, अशी त्यांची योजना होती. ती सुंदर होती, पण इतकी गुंतागुंतीची की वर्षानुवर्षे पूर्ण झाली नाही. बर्नर्स-ली यांनी सोपा मार्ग धरला. कुणीही कुणाचीही परवानगी न घेता कुणाच्याही पानाचा दुवा द्यावा. त्याची कुठेही नोंद नाही. या मोकळिकीमुळेच वेब जगभर पसरले. पण याच मोकळिकीमुळे पान हलले तर त्याची खबर कुणालाच मिळत नाही. चांगले पत्ते बदलत नसतात, अशा आशयाचे एक टिपण खुद्द बर्नर्स-ली यांना १९९८ मध्ये लिहावे लागले.

आणि गंमत पाहा. जगातले पहिले संकेतस्थळ त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा उभे करण्यासाठी २०१३ मध्ये सर्नला खास प्रकल्प हाती घ्यावा लागला, जुन्या प्रतींची शोधाशोध करावी लागली. वेब जिथे जन्माला आले तिथली ही स्थिती, मग तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या वेबसाइटची काय कथा!

अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उपलब्ध नव्हती. छापील पुस्तकांच्या बाबतीत दहा वर्षांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ग्रंथसंपदा नाहीशी झाली असती तर आपण त्याला आपत्ती म्हटले असते.

फिरत्या तबकडीचा भरवसा

घरापासून सुरुवात करू. आयबीएमने १९५६ मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या वर होते आणि तिच्यात सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. तेवढीच माहिती मावणारी, पण संगणकाच्या पेटीत बसणारी डिस्क सीगेट कंपनीने १९८० मध्ये काढली. घराघरात संगणक पोचण्याचा रस्ता तिथून मोकळा झाला. आकार घटला, क्षमता लाखो पटींनी वाढली, पण तत्त्व तेच राहिले. वेगाने फिरणारी तबकडी आणि तिच्यापासून केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावर तरंगणारे वाचनाचे टोक. ते टोक तबकडीला घासले की सगळे संपले.

२००५ च्या आगेमागे ज्यांच्या घरी संगणक होता त्यांना महाराष्ट्रातले भारनियमन आठवत असेल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडून घेतलेला संगणक, हप्ते अजून चालू, आणि मुलीचा प्रकल्प अर्धा टाइप झालेला असताना वीज जायची. वीज आल्यावर निळ्या पडद्यावर डिस्क तपासणी सुरू व्हायची आणि घरातले सगळे श्वास रोखून टक्केवारीकडे पाहत बसायचे. यूपीएस ही चैन नव्हती, गरज होती; पण ती कळेपर्यंत बऱ्याच घरांतल्या डिस्क गेलेल्या असत.

डिस्क जाण्यापूर्वी आवाज करते, मंद होते, काहीतरी कल्पना देते, असा आपला समज असतो. गूगलच्या अभियंत्यांनी आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. पहिल्या वर्षात दर शंभरातल्या पावणेदोन डिस्क बिघडल्या. तिसऱ्या वर्षात हे प्रमाण आठच्या वर गेले. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी, ज्यांवर सर्वाधिक भिस्त ठेवता येईल अशा चार पूर्वसूचनांपैकी एकही दिली नव्हती. म्हणून ‘अजून चांगली चालतेय, बघू नंतर’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

दुसरे संकट व्हायरसचे. आयबीएमच्या पद्धतीच्या घरगुती संगणकांवर पसरलेला पहिला व्हायरस १९८६ मध्ये आपल्या शेजारी, लाहोरमध्ये तयार झाला. बासित आणि अमजद फारूक अल्वी हे दोन भाऊ वैद्यकीय सॉफ्टवेअर विकत. त्याच्या चोरट्या प्रती निघतात म्हणून त्यांनी ‘ब्रेन’ नावाची आज्ञावली लिहिली आणि तिच्यात चक्क आपले नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातला. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात ती अमेरिकेत पोचली आणि लाहोरच्या त्या दुकानातला फोन परदेशी तक्रारींनी खणखणू लागला. त्या काळातला व्हायरससुद्धा इतका सरळ होता की आपला पत्ता सांगून येई.

पुढे ही निरागसता संपली. २६ एप्रिल १९९९ रोजी तैवानमध्ये जन्मलेला ‘सीआयएच’ हा व्हायरस आशियातल्या असंख्य संगणकांवर एकाच दिवशी जागा झाला. चेर्नोबिल दुर्घटनेची तारीख तीच, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल म्हणत. त्याने डिस्कवरची माहिती तर पुसलीच, शिवाय काही संगणकांची मूळ चिपही निकामी केली. वर्षभराने मनिलाहून सुटलेल्या ‘आय लव्ह यू’ नावाच्या पत्राने लोकांचे फोटो पुसून त्यांच्या जागी स्वतःच्या प्रती ठेवल्या. २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने फाइलींना कुलूप लावून खंडणी मागितली. या सगळ्या घटनांत वाचले ते लोक एकाच कारणाने वाचले. त्यांच्या फाइलींची दुसरी प्रत संगणकापासून वेगळी काढून ठेवलेली होती. कायम जोडलेली बाहेरची डिस्क त्या दिवशी उपयोगी पडत नाही, कारण कुलूप तिलाही लागते.

पत्ता विकत मिळत नाही

आता घराबाहेर पडू. सुरुवातीच्या काळात नेटवर्कवरच्या सगळ्या संगणकांची नावे एकाच फाइलीत लिहिलेली असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ही यादी सांभाळली जाई. नवा संगणक जोडायचा तर तिथे कळवायचे आणि मग सगळ्यांनी नवी यादी उतरवून घ्यायची. संख्या वाढली तशी ही व्यवस्था कोलमडू लागली, तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये आजची डोमेन नावांची पद्धत आखली. १५ मार्च १९८५ रोजी पहिले डॉट कॉम नाव नोंदले गेले. नोंदणी तेव्हा फुकट होती. १९९५ मध्ये शुल्क लागू झाले, दोन वर्षांचे शंभर डॉलर.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपण ‘डोमेन विकत घेतले’ असे म्हणतो, पण ते विकत मिळतच नाही. ते भाड्याने मिळते आणि भाडे थकले की घरमालक सामान बाहेर काढतो. इथे मोठेपणा चालत नाही. १९९९ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी आपल्या ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाचे नूतनीकरण करायला विसरली. त्या काळात जगभरातल्या लाखो लोकांची हॉटमेलची खाती याच नावातून उघडत; त्यांना आपली पत्रे दिसेनात. ऐन नाताळात अमेरिकेतल्या एका प्रोग्रॅमरच्या हे लक्षात आले आणि त्याने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरून कंपनीचे नाव वाचवले.

आपल्याकडे अशी माणसे दरवेळी भेटत नाहीत. मी पाहिलेला एक प्रकार इतका ठराविक आहे की तो कोणत्याही गावाला लागू पडावा. एक शिक्षण संस्था. तिच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी वेबसाइट काढायचे ठरले. संस्थेतल्याच एका माजी विद्यार्थ्याने हौसेने ती करून दिली. डोमेन त्याच्या नावावर, ईमेल त्याचा, पैसे त्याच्या कार्डावरून. संस्थेचा इतिहास, जुन्या शिक्षकांची छायाचित्रे, शाळा कशी पडवीत सुरू झाली याच्या वृद्धांनी सांगितलेल्या आठवणी, असे सगळे तिथे चढले. मुलगा नोकरीसाठी आखातात गेला, त्याचा नंबर बदलला, जुना ईमेल त्याने उघडणे सोडून दिले. नूतनीकरणाच्या सूचना त्या बंद पेटीत पडत राहिल्या. एक दिवस पालकांपैकी कुणीतरी मुख्याध्यापकांना म्हणाले, ‘सर, आपल्या साइटवर हे काय भलतंच दिसतंय?’ तिथे जुगाराच्या जाहिराती लागलेल्या होत्या. आठवणी सांगणाऱ्यांपैकी दोघे तोवर हयात नव्हते.

यात त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने फुकट काम केले होते. संस्थेची इमारत, जमीन, बँकखाते यांपैकी काहीही आपण एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या नावावर ठेवत नाही. डोमेनही मिळकतच आहे, ही जाणीव कमिटीला नव्हती. डॉट कॉमसारख्या नावांची मुदत संपल्यावर काही दिवसांची सवलत असते. ती संपून नाव रद्द झाले तरी आणखी ३० दिवस जादा दंड भरून ते परत मिळवता येते. त्यानंतरच्या पाच दिवसांत काहीच करता येत नाही आणि मग नाव कुणालाही मोकळे होते. जुन्या, लोकांच्या ओळखीच्या नावांवर टपून बसलेल्या टोळ्या आहेत. म्हणून डोमेन संस्थेच्या नावाने, संस्थेच्या कायमस्वरूपी ईमेलवर नोंदलेले असावे, दोन पदाधिकाऱ्यांना त्याचा पासवर्ड माहीत असावा, आणि दरवर्षीच्या वार्षिक सभेत हिशेबाबरोबर त्याची मुदतही वाचून दाखवावी. होस्टिंग एक वेळ बदलता येते. हातचा पत्ता गेला की सगळे दुवे गेले.

फुकटच्या वस्त्या

‘मग पैसे भरायचेच कशाला? फुकट जागा आहेत की,’ असे कुणी म्हणेल. या फुकट वस्त्यांचाही इतिहास आहे. १९९४ च्या अखेरीस डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या उपक्रमाचे पुढे ‘जिओसिटीज’ झाले. तिथे कुणालाही फुकट वेबपान मिळे. पाने मोहल्ल्यांत वाटलेली असत. संगणकवाल्यांसाठी ‘सिलिकॉन व्हॅली’, शिक्षण आणि तत्त्वज्ञानासाठी ‘अथेन्स’. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा मोडेमच्या किंचाळण्यातून जे भारतीय पहिल्यांदा वेबवर पोचले त्यांतल्या अनेकांची पहिली पाने या मोहल्ल्यांतच बांधली गेली.

१९९९ मध्ये याहूने साडेतीन अब्ज डॉलरच्या वर किंमत मोजून जिओसिटीज घेतले. त्याच वर्षी नव्या अटी आल्या, ज्यांनुसार रहिवाशांच्या मजकुरावर कंपनीला वाट्टेल तसे हक्क मिळत होते. रहिवाशांनी निषेध केला, पाने काळवंडून टाकली, कंपनीने माघार घेतली. पण दहा वर्षांनी, २६ ऑक्टोबर २००९ रोजी, कंपनीने सगळी वस्तीच बंद केली. ‘आर्काइव्ह टीम’ या स्वयंसेवकांच्या गटाने शेवटच्या महिन्यांत दिवसरात्र खपून जमेल तेवढी पाने उतरवून घेतली. वर्षभराने त्यांनी ती सर्वांसाठी खुली केली तेव्हा तो साठा सहाशे जीबीहून मोठा होता. आजच्या हिशेबाने एका लहानशा डिस्कवर मावेल एवढ्या माहितीला सांभाळणे त्या कंपनीला परवडले नाही.

मग ऑर्कुट आले, २००४ मध्ये. भारतीयांनी ते डोक्यावर घेतले. मराठीत गप्पा मारणारे, गावांचे, कॉलेजांचे, गझलप्रेमींचे किती समूह तिथे होते! ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. याहू ग्रुप्सवर अनेक वर्षे चाललेली चर्चामंडळे होती. त्यांचा साठा २०१९-२० मध्ये काढून टाकण्यात आला. मायस्पेसने २०१९ मध्ये कबूल केले की सर्व्हर बदलताना २०१५ पर्यंत चढवलेली बारा वर्षांची गाणी आणि छायाचित्रे हरवली. आज आपण ज्या फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपवर सगळे साठवून निर्धास्त आहोत, त्यांचे आयुष्य किती, हे त्यांचे मालक ठरवतील. फुकट जागा वापरू नये असे मी म्हणत नाही. तिथे लिहावे, पण मूळ प्रत आपल्या घरी असावी.

अक्षरे होती, वाचणारा नव्हता

मराठी माणसाचे आणखी एक दुखणे आहे, जे इंग्रजी वाचकाला कळणार नाही. फाइल शाबूत आहे, डिस्क ठीक आहे, पण उघडल्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसते.

याचे कारण असे. पुण्याच्या सी-डॅकने आणि इतर जाणकारांनी भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण तयार केले, १९९१ मध्ये त्याला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. पण छपाईच्या धंद्यात चालली ती वेगळीच पद्धत. ‘श्रीलिपी’सारख्या सॉफ्टवेअरमधले फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवत. संगणकाच्या दृष्टीने तिथे रोमन अक्षरच असे. केवळ त्याचे चित्र मराठी. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडत नसे. आमच्यासारख्या ज्या घरांत लग्नपत्रिका मराठी आणि उर्दू अशी दुहेरी छापली जाते, तिथे हा त्रास दुप्पट. उर्दूसाठी मिर्झा अहमद जमील यांनी १९८१ मध्ये मोनोटाइप कंपनीबरोबर ‘नूरी नस्तालीक’ तयार केले. जोडअक्षरांचे हजारो आकार हाताने लिहून ते संगणकात भरलेले होते. पुढे नव्वदच्या दशकात ‘इनपेज’ आले आणि गावोगावच्या छापखान्यांत कातिबाची जागा त्याने घेतली. पण इनपेजच्या जुन्या फाइलीही इनपेजमध्येच उघडत. एकाच पत्रिकेतल्या दोन भाषा दोन वेगवेगळ्या कुलपांत बंद होत्या.

युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी आणि अरबी दोन्ही लिप्या होत्या. विंडोज २००० पासून देवनागरी घरच्या संगणकावर नीट दिसू लागली. तरी मराठीची काही अक्षरे उशिरा आली. ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये दाखल झाले ते २००८ मध्ये. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. म्हणून आजही जुन्या लेखात ‘ॲ’चा शब्द शोधला आणि सापडला नाही, तर तो तिथे नाही असे समजू नये, जुन्या पद्धतीने टाइप करून पुन्हा शोधावे.

होस्टिंग बदलताना हेच दुखणे पुन्हा डोके वर काढते. बहुतेक ब्लॉगांचा मजकूर ‘मायएसक्यूएल’ या डेटाबेसमध्ये असतो. २०१८ मध्ये त्याची आठवी आवृत्ती येईपर्यंत तो गृहीत धरून चाले की मजकूर युरोपीय लिपीतला आहे. मराठी ब्लॉग एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेताना लेखांच्या जागी विचित्र चिन्हे दिसतात ती यामुळे. अशा वेळी घाबरू नये. नुसती विचित्र युरोपीय अक्षरे दिसत असतील तर मूळ मजकूर बहुधा आत शाबूत असतो आणि जाणकार तो सोडवू शकतो. पण ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या झाल्या असतील तर ती अक्षरे खरोखरच गेलेली असतात. मग जुनी प्रतच हवी. म्हणून नव्या जागी सगळे लेख उघडून वाचून पाहिल्याशिवाय जुन्या होस्टिंगचे खाते बंद करू नये. एवढ्या एका सावधगिरीने कितीतरी मराठी ब्लॉग वाचले असते.

एकाच छपराखाली दोन प्रती

कुणी म्हणेल, ‘आमचा होस्टिंगवाला रोज बॅकअप घेतो.’ १० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. पाच मजली इमारत जळून गेली, लाखो वेबसाइट बंद पडल्या. काही ग्राहकांनी पैसे भरून बॅकअपची सेवा घेतलेली होती. आगीनंतर त्यांना कळले की बॅकअपही त्याच इमारतीत होते. प्रकरणे न्यायालयात गेली, काहींना भरपाईही मिळाली. पण जळालेला मजकूर न्यायालय परत देऊ शकत नाही.

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी यासाठी एक सोपे सूत्र लोकप्रिय केले. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. तज्ज्ञाची गरज नाही. एक प्रत संगणकात, एक एरवी काढून ठेवलेल्या बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या शहरात राहणाऱ्या बहिणीकडे किंवा क्लाउडवर. वर्षातून एकदा, ईदची साफसफाई असो की दिवाळीची, ती डिस्क जोडून फाइली खरोखर उघडतात का ते पाहावे. न तपासलेल्या बॅकअपचा भरवसा धरता येत नाही.

हे आपल्यासाठी अधिक महत्त्वाचे का

छापील पुस्तकांना या देशात एक कवच आहे. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह मुंबई, चेन्नई आणि दिल्लीतल्या ठरावीक ग्रंथालयांत द्यायची असते. तो कायदा छपाईच्या युगातला आहे. ब्लॉगच्या लेखाची प्रत कुणी मागायला येत नाही. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेले ‘इंटरनेट आर्काइव्ह’ आणि २००१ पासून खुले असलेले त्यांचे ‘वेबॅक मशीन’ हाच काय तो मोठा आधार. तिथे आपल्या लेखाचा पत्ता टाकून एक बटण दाबले की त्या दिवशीची प्रत साठवली जाते. पैसे पडत नाहीत, मिनिटभर लागते.

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानांचे बरेचसे अलीकडचे लेखन ब्लॉगांवर, फेसबुकच्या भिंतींवर आणि दिवाळी अंकांना पाठवलेल्या जुन्या फॉन्टच्या फाइलींत आहे. वृत्तपत्रांच्या दप्तरात आपण सापडतो ते बहुतेक वेळा बातमीचा विषय म्हणून. आपल्या मोहल्ल्यातल्या शाळा, तालमी, वाचनालये, कव्वालीच्या मैफली, बायकांच्या ओव्या, कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या घरांतली मराठी, हे आपण लिहिले तरच नोंदले जाते. उद्या एखादा अभ्यासक या समाजाचा इतिहास लिहायला बसला आणि आपली पाने ‘सापडली नाहीत’, तर त्याच्यापुढे फक्त इतरांनी आपल्याबद्दल लिहिलेले उरेल. मग आपल्याविषयी चुकीचे लिहिले गेले अशी तक्रार करण्याचा हक्कही दुबळा होईल.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ सतराव्या शतकातला. तो आज आपल्या हाती आहे याचे कारण त्याच्या हाताने उतरवलेल्या प्रती भाविकांनी सांभाळल्या. प्रत करणाऱ्यांना तंत्रज्ञान येत नव्हते. ग्रंथ एकाच ठिकाणी राहू नये एवढे मात्र कळत होते. आपल्याला त्यांच्याइतके कष्टही नाहीत. या रविवारी दोन तास काढा. ब्लॉगच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या लेखांची एक फाइल उतरवून घ्या. जुन्या फॉन्टमधल्या फाइली युनिकोडमध्ये बदला आणि त्यांची पीडीएफही करा. डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि कधी संपते ते पाहा. महत्त्वाचे दहा लेख वेबॅक मशीनवर जमा करा. आणि शेवटी, निवडक लेखांची छापील प्रत काढून, शिवून, गावच्या वाचनालयात देऊन या. वीज गेली तरी ती उघडता येते.